नववीत पोरांचा अभ्यासातला रस जातो, की आपणच घालवतो?

शाईचा डाग: परवा इथे एकाने लिहिलं, सातवीपर्यंत पोरं प्रश्न विचारून भंडावतात आणि नववीत मोबाईल मिळाला की शिकायची इच्छाच संपते. डोकं फिरलं वाचून. माझी पोरगी सातवीत कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी बघून नुसती नाचत होती. आता नववीत आहे, दिवाळीनंतर शाळेने थेट दहावीचं पुस्तक काढलं, नववीचे उरलेले धडे म्हणे घरी वाचा. ध्वनीच्या धड्याला तिने विचारलं शंख कानाला लावला की आवाज कसा येतो, तर सर म्हणाले हे येत नाही परीक्षेला. असं चार वेळा झालं की पोरं स्वतःच विचारतात, सर हे येणारे का? मग आपणच बोंबलायचं, यांना फक्त मार्क दिसतात!

जुना मास्तर: ढकला सगळं शाळेवर. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं बंद, सगळे वर, आणि नववीत आमच्यासमोर. ज्याला अपूर्णांकांची बेरीज येत नाही त्याला बहुपदी काय शिकवू? डोक्यावरून गेलं की कंटाळा येणारच. 2023ला पाचवी-आठवीची परीक्षा परत आणली ते बरं केलं.

कटिंग चहा: मार्कांचंच बोलताय तर चित्रकलेच्या त्या सरकारी इंटरमिजिएट परीक्षेचं पण बोला की. ए ग्रेडला दहावीत 7 मार्क, म्हणून पालकांची झुंबड, आणि क्लासवाला वर्षभर एकच माठ नि दोन वांगी गिरवून घेतो. ही काय चित्रकलेची आवड?

रेघोट्या: मी चित्रकला शिकवते. ते मार्क नसते तर शाळेने आमचा तास तरी ठेवला असता का? आत्ताच गणितवाले उसना नेतात, परत कधीच देत नाहीत. माझ्याकडे एका गवंडीकाम करणाऱ्यांचा मुलगा होता, सगळ्या विषयांत काठावर, पण इंटरमिजिएटच्या आधीच्या एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीसाठी एक दिवस दांडी नाही.

कटिंग चहा: मार्कांसाठीच ना मॅडम? तेच म्हणतोय.

रेघोट्या: एलिमेंटरीला मार्क नसतात. माहीत नसेल तर टाइप करू नये माणसाने.

कटिंग चहा: बरं बाई, एलिमेंटरी तुमची. माठ मात्र तोच.

रेघोट्या: माठ नीट काढून दाखवा आधी. कडा लंबगोल येते का बघू.

हिशोबी: माठ फोडा आता 😄 2019ला दहावीच्या भाषांचे तोंडीचे 20 मार्क काढले, राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. केवढी बोंबाबोंब! पुढच्या वर्षी 20 मार्क परत, निकाल 95.30. सगळे खूश. पोरांना भाषा आवडते का, हे तेव्हा कुणी विचारलं?

शाईचा डाग: पाया कच्चा असतो, मानलं मास्तर. पण तो पक्का करायला नववीचं वर्ष होतं ना, ते तुम्ही दहावीला दान केलंत.

जुना मास्तर: आम्ही केलं? जूनच्या पालकसभेत 'शेजारच्या शाळेत दहावी सुरू झाली, आपल्याकडे कधी' हे कोण विचारतं?

शाईचा डाग: मी नाही विचारलं कधी.

कटिंग चहा: आमच्या हिने विचारलेलं. जाऊदे.

रेघोट्या: आणि त्याच सभेत चित्रकलेचा तास कापला जातो, तेव्हा एक जण तोंड उघडत नाही.