आयमॅक: पडदा झकास, पण…
आयमॅक (अ‍ॅपलचा पडद्यातच सामावलेला संगणक) म्हणजे नुसती शोभेची वस्तू, असं काही जण म्हणतात. ते काही पटलं नाही. २४ इंची ४.५के (म्हणजे खूप बारीक ठिपक्यांच्या) पडद्यावर बारीक जोडाक्षरंसुद्धा रेखीव दिसतात. तेवढ्या दर्जाचा मॉनिटर वेगळा घ्यायचा तर खिसा चांगलाच हलका होतो. खरी गोम मेमरीत, म्हणजे रॅममध्ये आहे. जुन्या २७ इंची आयमॅकला मागे झडप होती, ती उघडून रॅम आपल्या हातानं वाढवता यायची. आता रॅम किती हवी, ते विकत घेतानाच ठरवायचं. आणि उद्या आतला संगणक म्हातारा झाला, तरी ठणठणीत पडदा केबलनं दुसऱ्या मशीनला जोडता येत नाही. मला हे सगळ्यात जास्त खुपतं. स्टँडची उंचीही बदलत नाही (खाली जाडजूड पुस्तकं ठेवा, झालं!). घरात बरा मॉनिटर असेल तर सरळ मॅक मिनी (अ‍ॅपलचा बिनपडद्याचा छोटा संगणक) घ्या.