जाम झालेले बोल्ट: तुमचे अनुभव लिहा

सातपूरचा_पोरगा
बिल्डिंग पुनर्विकासाला चाललीय. पार्किंग रिकामं करताना वडिलांची सीडी १०० मोटरसायकल काल बाहेर काढली, आणि सोबत त्यांचा नटबोल्टांचा डालड्याचा डबा. डबा उपडा केला तर तळाशी एका बोल्टाचं नुसतं डोकं. बघताक्षणी ओळखलं. तोडणारा मीच.

बारावीत होतो. आयटीआयपाशी गाडी घसरली आणि फूटरेस्टचा बार वाकला. वडील सेकंड शिफ्टला, म्हणजे ते यायच्या आत बार काढायचा, ठोकून सरळ करायचा, लावून टाकायचा. इंजिनाच्या खालून चार बोल्ट असतात त्याला. तीन सुटले. चौथा हलेना म्हणून बाराच्या रिंग पान्यात नळाचा पाइप अडकवला आणि लोंबकळलो. कट्कन आवाज आला, पाना एकदम हलका झाला. मला वाटलं सुटला! आनंदानं खाली वाकून बघतो तर डोकं पान्यात आणि बोल्ट इंजिनात.

रात्री वडील आले. डबा हातात घेऊनच पार्किंगात आले, म्हणजे आईनं सांगितलेलं असणार. तोंडात बॅटरी धरून खाली बसले. मी मार खायच्या तयारीत. फक्त विचारलं, "रॉकेल सोडलं होतंस का रे?"
नव्हतं सोडलं.

रविवारी टाकी उतरवून लांब ठेवली, ब्लो लॅम्पनं बोल्टाभोवतीचं अॅल्युमिनियम तापवलं, आणि बाहेर राहिलेला अर्धा इंचाचा तुकडा ग्रिप प्लायरमध्ये धरला. सोडायच्या आधी किंचित आवळला. मग पाव आटा मागे, थोडा पुढे, परत मागे. सगळा आला. आट्यांत पांढरी भुकटी होती, खडूसारखी.

तुमचे किस्से टाका.

गंगापूररोडची_सून
आमच्याकडे डिसेंबरात अहोंनी माझं खोबरेल नेलं बोल्टावर टाकायला. नाशिकची थंडी. ते बोल्टावरच थिजलं. सकाळी बघितलं तर बोल्टाला साजूक तूप लावल्यासारखं.

कांदाभजी
@गंगापूररोडची_सून वहिनी, मेलो हसून

निफाडवाला
आमच्या गाडीचा एक बोल्ट सरळ सुटला असेल तर शपथ. द्राक्षाची बाग आहे. मोरचुदाच्या गोण्या आणि पंपाची नळी सगळं गाडीवरच जायचं. मोरचुदाचं पाणी लोखंडावर पडलं की लोखंड खातं आणि वर तांबं चढवतं. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारणीचं पाणी, करताना विळा बुडवून बघतो ना आपण, तांबूस झाला की चुना कमी पडला? तेच गाडीचं झालं. मागच्या चाकाचा अॅक्सल तीन दिवस निघाला नाही. शेवटी आमच्या अण्णांनी उसाच्या ट्रॉलीचा घण आणला. अॅक्सल निघाला, पण डोक्याचे आटे चेपले, नवीन घ्यावा लागला. छाटणीचे दिवस होते आणि गाडी नाही. घरची जी बोलली ती इथं लिहीत नाही.

पंचवटी_एक्सप्रेस
घण मारताना नट उलटा चढवून टोकाला सपाट ठेवायचा आणि त्याच्यावर मारायचं. आटे वाचतात.

निफाडवाला
@पंचवटी_एक्सप्रेस तेव्हा कुठं होता भाऊ

ओझर_रिटायर्ड
ती पांढरी भुकटी म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज. लोखंडी बोल्ट, अॅल्युमिनियमचं इंजिन आणि मध्ये चिखलाचं पाणी, म्हणजे बारीकशी बॅटरीच झाली. त्यात अॅल्युमिनियम झिजतं, आणि जी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा अडवते. बोल्ट चारी बाजूंनी आवळला जातो. तुमच्या वडिलांनी बोल्ट न तापवता बाजूचं तापवलं ते अगदी बरोबर. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुलतं. भोक मोठं होतं.
मी एचएएलला, विमानांच्या कारखान्यात होतो. मिग विमानावर बोल्ट हातानं दोन आटे चढल्याशिवाय पाना लावू देत नसत. घरी मात्र सुनेच्या स्कूटीच्या बोल्टाचं डोकं मीच पाना घसरवून गोल केलं.

सातपूरचा_पोरगा
@ओझर_रिटायर्ड काका, बाबा पण फिटर होते. त्यांनी हे असं कधी समजावलं नाही, नुसतं "धर" म्हणायचे.

आरएक्स_वेडा
यामाहाचा उजवा आरसा!! उलटे आटे असतात. मी सोडतोय सोडतोय म्हणून आवळत होतो. दांडा मोडला. ज्यांना माहीत होतं ते सगळे शेजारी उभे राहून बघत होते, एकानं सांगितलं नाही.

कांदाभजी
चहा पीत होतो आम्ही

सिडको_सेक्टर
ईझी आउट (तुटलेला बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा खिळा) वापरायचा विचार असेल तर आधी माझं ऐका. सायलेन्सरचा स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, तुटला. मधोमध भोक पाडून ईझी आउट घातला, जोर दिला आणि तो आत तुटला. तो एवढा कडक असतो की साधा ड्रिल नुसता घसरतो त्याच्यावर. म्हणजे आता भोकात स्टड आणि स्टडात ईझी आउट. इंजिनाचं हेड उतरवून अंबडला नेलं, स्पार्क मशीनवर जाळून काढला. तिथला माणूस म्हणाला, स्टड थोडा जरी वर असता तरी त्याच्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग मारलं असतं, गरम असतानाच पान्यानं निघाला असता. स्टड होता की थोडा वर! मीच ग्राइंडरनं सपाट केला होता, ड्रिल नीट बसावा म्हणून.

गंगापूररोडची_सून
अरेरे. खर्च किती आला?

सिडको_सेक्टर
बायको पण इथं वाचते.

मखमलाबादकर
ब्रेक ऑइलच्या झाकणाचे दोन छोटे स्क्रू कोणाचे नीट सुटलेत? माझ्या दोन्हींच्या खाचा गोल. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला लावली, वरून हातोडीची एक टिचकी, मग फिरवला. एक निघाला. दुसरा बसलाय अजून.
बाय द वे पंचवटीत लेथवर टॅप मारून (आटे पाडून) देणारं कोणी चालू असतं का रविवारी?

पंचवटी_एक्सप्रेस
रविवारी मिसळ चालू असते फक्त.

कांदाभजी
कुठली? आणि पापड भाजलेला की तळलेला?

पंचवटी_एक्सप्रेस
झालं, आता धागा मिसळीवर जाणार.

ओझर_रिटायर्ड
@मखमलाबादकर दुसऱ्याच्या डोक्यावर बारीक छिन्नी तिरकी धरून सुटायच्या दिशेनं हळू टिचक्या मारा. डबा आधी फडक्यानं झाका, ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलतं.

आरएक्स_वेडा
सीडी १०० विकणार का?

सातपूरचा_पोरगा
@आरएक्स_वेडा नाही रे. बार परत उतरवतोय, रंगवायचाय. तीन सुटले. चौथा परत जाम, तोच, डावीकडचा मागचा. मोठा झाल्यावर पण मी तो कोरडाच बसवलेला दिसतोय, ग्रीस नाही काही नाही. परवापासून रॉकेल सोडतोय, सकाळ-संध्याकाळ. पाइपला हात लावलेला नाही. आता जेमतेम एवढासा हलला, की मलाच तसं वाटलं, कळत नाही.
नळाला पाणी आलंय, टाकी भरून येतो.