‘द कॅप्चर’ पाहिल्यावर: अंगणातल्या कॅमेऱ्याचं काय करावं?

अमळनेरची_सून
बीबीसीची ‘द कॅप्चर’ कुणी पाहिली का? 2019 चा पहिला सीझन. पाहायची असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

शॉन एमरी हा सैनिक अफगाणिस्तानातल्या खुनाच्या आरोपातून सुटतो, तेही हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याच्या चित्रणात खोट निघाली म्हणून. मग लंडनचा सीसीटीव्ही दाखवतो की त्याने स्वतःच्याच वकीलबाईला मारहाण करून ओढत नेलं. त्याला आठवतं ते वेगळंच: ती बसमध्ये बसून गेली. मधून बस जाते, तेवढ्यात चित्र बदललेलं असतं.

मला मात्र त्या तंत्रापेक्षा पडद्यासमोर बसलेले पोलीस जास्त खटकले. मूक चित्र बघायचं आणि माणूस कसा ते ठरवून मोकळं व्हायचं. आमच्याकडे हेच चाललंय. मिस्टर पुण्याला. गल्लीत चोरी झाली तेव्हा त्यांनी काळजीपोटी अंगणात कॅमेरा लावला. हिवाळ्यात सासूबाई पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भरताची वांगी भाजत होत्या. लगेच फोन: “धूर कसला? आईला जाळापाशी बसवून तू दारात उभी?” अहो, वांगी भाजायला त्या कुणाला हात लावू देतात का! मला त्यांनीच “सरक तिकडे” म्हणून उठवलं होतं. ते मोबाईलवर कुठून दिसणार?

आता सासूबाई अंगणात जाण्याआधी विचारतात, “आते दखी ऱ्हायना का तो?” (आत्ता बघतोय का तो?) आणि पदर सारखा करतात. दुपारी मेथी निवडायला येणाऱ्या शेजारच्या काकू फाटकातूनच हाक मारून परत जातात. त्यांच्या बोलण्यात सुनांची गाऱ्हाणी असायची, दुखणी असायची. ते सगळं बंद झालं.

घरच्या कॅमेऱ्यातलं चित्र असं कुणी बदलू शकतं का? आणि मिस्टरांचं मन न दुखवता हे सांगू कसं?

भुसावळ_फिटिंगवाला
ताई, चालू चित्र बदलायला आधी तुमच्या नेटवर्कमध्ये शिरावं लागतं. बसवताना ठेवलेला पासवर्ड तसाच असेल तर आजच बदला, बहुतेक घरांत तो तसाच असतो. दुसरं, डीव्हीआरच्या (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डब्याच्या) मेनूत प्रायव्हसी मास्क असतो. चित्रातल्या हव्या त्या भागावर काळा चौकोन टाकता येतो. बसायच्या जागेवर तो टाका, फाटकावर टाकू नका. चोर यायचा तो फाटकातूनच येईल. माइक असेल तर तोही बंद करायला सांगा.

धुळे_वकील
कोर्टापुरतं सांगते. नुसता पेनड्राइव्ह दिला म्हणजे पुरावा झाला असं नाही. आधी पुरावा कायद्याचं कलम 65ब होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63. प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून निघणारा तिचा ओळख-आकडा, लिहावी लागते. नंतर फाइलशी छेडछाड झाली तर हॅश जुळत नाही. पण रेकॉर्ड होतानाच चित्र खोटं असेल तर हॅश ते पकडत नाही. मालिकेतली खरी भीती तीच आहे.

चोपड्याचा_पुणेकर
वहिनी, मीही इथून बघतो. वडील रात्री फाटक लावायला विसरतात, ते दिसलं की जीव थाऱ्यावर येतो. दादांना चुकीचं समजू नका. पण धूर दिसल्यावर पहिला फोन आईलाच करायचा होता, हे त्यांना सांगाच.

अमळनेरची_सून
दादा, बरोबर बोललात. हे सासूबाईंनाच त्यांच्याशी बोलायला लावते, लेकाला आईचा शब्द मोडवत नाही. फिटिंगवाले भाऊ, मास्क टाकायला अमळनेरला कुणी येईल का? काकूंची बसायची जागा फाटकालगतच आहे, तेवढा कोपरा झाकून बाकी फाटक दिसलं पाहिजे.