अनुभव धागा : मित्रांसोबत युरोपात, स्वतः गाडी चालवत

युरोपच्या सहलींबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. परंतु त्यातील बहुतेक लेखन सहल कंपनीच्या बसचे किंवा रेल्वेच्या पासाचे असते. मित्रांनी मिळून भाड्याची गाडी घेतली, चालवणारेही आपणच आणि कोठे थांबायचे हे सकाळच्या चहाला ठरवायचे, अशा प्रवासाचा आनंद वेगळा आणि प्रश्नही वेगळे. या धाग्यावर तेवढेच लिहावे, ही विनंती. संपूर्ण वेळापत्रक नको. एखादा रस्ता किंवा एखादे ठिकाण, पुढे जाणाऱ्याच्या उपयोगी पडेल इतक्या तपशिलाने सांगितले तरी पुरे. परवान्याचा प्रश्न हमखास विचारला जातो, म्हणून आधीच नमूद करतो: आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्यापूर्वी आर.टी.ओ.मधून काढावा, तो एक वर्ष चालतो आणि सोबत मूळ परवानाही बाळगावा लागतो.

पुण्याहून, नॉर्वेबद्दल

बर्गेनहून ओस्लोकडे जाणाऱ्या ई-१६ महामार्गावर औरलांड आणि लेर्दाल यांच्यामध्ये २४.५ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. २००० साली सुरू झालेला हा जगातील सर्वांत लांब रस्ता-बोगदा. त्याच्या डोक्यावरून, डोंगरमाथ्यावरून, जुना रस्ताही जातो. तो हिवाळ्यात बंद असतो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या असतात. आमच्या चौघांत यावरूनच जुंपली. दोघांना बोगदा पाहायचा होता, उरलेल्या दोघांचे म्हणणे असे की, डोंगर पाहायला इतक्या दूर येऊन डोंगराच्या पोटातून जाण्यात कसला शहाणपणा. शेवटी वरून जायचे आणि बोगद्यातून परतायचे असे ठरले, आणि माझ्या मते या भागात हाच क्रम योग्य आहे.

वर चढताना स्टेगास्टाइन हा सज्जा लागतो. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, पाण्यापासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, कड्यापासून ३० मीटर बाहेर काढलेली ही लाकडी वाट टोकाला गेल्यावर एकदम खाली वळते, आणि आपल्या व खालच्या पाण्यामध्ये फक्त एक तिरकी काच उरते. आमच्यातला एक जण त्या काचेच्या चार पावले अलीकडेच थांबला आणि तेथूनच त्याने सर्वांची छायाचित्रे काढली.

बोगद्यात मात्र निराळीच गंमत आहे. एकसारख्या रस्त्याने चालकाला पेंग येऊ नये म्हणून त्यात ठरावीक अंतराने तीन प्रशस्त दालने कोरली आहेत. तेथे छतावर निळा प्रकाश आणि कडेला पिवळा, जणू सूर्योदय होत असल्यासारखा. पहिले दालन आले तेव्हा गाडीतील सर्व बोलणे थांबले. तिसऱ्यापर्यंत मागचे दोघे गाढ झोपले होते, म्हणजे ती योजना केवळ चालकापुरतीच परिणामकारक असावी.

नाशिकहून, ऑस्ट्रियाबद्दल

ग्रोसग्लॉकनर हा घाटरस्ता १९३५ साली खुला झाला. लांबी ४८ किलोमीटर, मोठी वळणे ३६. साधारण मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच चालू, आणि टोल बराच जड. अशा रस्त्यावर जो गाडी चालवतो त्याला काहीच दिसत नाही, ही तक्रार प्रत्येक गटात होते. आम्ही प्रत्येक मोठ्या थांब्यावर चालक बदलला. त्यासाठी गाडी घेतानाच सर्व चालकांची नावे करारात नोंदवावी लागतात. त्याचे थोडे जास्त पैसे पडतात, पण ते वसूल होतात. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या गाड्यांचा जळका वास आम्हाला दोन वळणे आधीच येत होता.

फ्रान्झ योसेफ्स होहे या थांब्यावरून समोर ३,७९८ मीटरचे ग्रोसग्लॉकनर शिखर आणि खाली पास्टेर्झे हिमनदी दिसते. हिमनदीपर्यंत उतरणाऱ्या वाटेवर कोणत्या वर्षी बर्फ कोठपर्यंत होता हे दाखवणाऱ्या पाट्या आहेत. पहिल्या पाट्या गप्पांच्या नादात मागे पडल्या; त्यानंतर प्रत्येक पाटीपाशी आम्ही थांबत गेलो, कारण बर्फ अजूनही बराच खाली होता.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: ऑस्ट्रिया आणि जर्मनीत रविवारी बहुतेक किराणा दुकाने बंद असतात. शनिवारीच भाजी, दूध, पाव भरून घ्यावे. नाहीतर पेट्रोल पंपावर किंवा मोठ्या रेल्वे स्थानकातील दुकानात मिळेल तेवढ्यावर भागवावे लागते.

ठाण्याहून, इटलीबद्दल

थोडक्यात लिहितो. फ्लोरेन्स, सिएना अशा शहरांच्या जुन्या भागात झेडटीएल, म्हणजे वाहनांना मर्यादित प्रवेश असलेले क्षेत्र असते. तेथे कोणी अडवत नाही, कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंडाचा कागद काही महिन्यांनी भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत भारतात येतो. त्यावर कंपनीचे शुल्क वेगळे. गाडी वेशीबाहेर ठेवून चालत जाणे उत्तम.

कोल्हापूरहून, क्रोएशिया आणि बोस्नियाबद्दल

स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला जाताना पूर्वी मध्ये बोस्नियाची नेउमजवळची चिंचोळी पट्टी ओलांडावी लागे. २०२२ साली पेल्येशाट्स पूल सुरू झाल्यापासून तो त्रास उरलेला नाही. आम्हाला मात्र बोस्नियातील मोस्तार पाहायचेच होते. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, बोस्निया नाही. म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचा असावा, आणि गाडी सीमेपलीकडे नेण्याची परवानगी व विम्याचा कागद कंपनीकडून लेखी घ्यावा.

मोस्तारचा जुना दगडी पूल १५६६ साली पूर्ण झाला, ९ नोव्हेंबर १९९३ रोजी युद्धात तोफांच्या माऱ्याने नेरेत्वा नदीत कोसळला आणि पुन्हा बांधून २००४ मध्ये खुला झाला. त्याची चढण अनपेक्षितपणे तीव्र आहे. दगड पायांनी घासून गुळगुळीत झाले आहेत आणि पाय घसरू नये म्हणून ठरावीक अंतरावर आडव्या दगडी पट्ट्या उंच ठेवल्या आहेत. पुलावरून नदीत उडी मारणारे तरुण आधी प्रेक्षकांकडून पैसे गोळा करतात; पुरेसे जमल्याशिवाय उडी नाही. आमच्या गटाने घाई केली आणि उडी हुकली.

लंडनहून, स्कॉटलंडबद्दल

भारतातून येणाऱ्या मित्रांना मी पहिल्यांदा स्कॉटलंडच सुचवतो, कारण गाडी डावीकडूनच चालते. उत्तरेकडे मात्र अनेक रस्ते एका गाडीपुरतेच रुंद आहेत आणि जागोजागी बाजूला होण्यासाठी फुगवटे केलेले आहेत. फुगवटा आपल्या डावीकडे असेल तर आत शिरावे, उजवीकडे असेल तर त्याच्या समोर आपल्या बाजूलाच थांबावे आणि समोरच्याला जाऊ द्यावे. जाताना तो हात वर करतो, आपणही करायचा. तेथे गाडी उभी करून छायाचित्रे काढू नयेत. स्थानिक लोक याच एका गोष्टीवर चिडतात.

अ‍ॅपलक्रॉसकडे जाणारी बेअलाख ना बा ही खिंड ६२६ मीटर उंच आहे. आंबोली किंवा वरंधा घाटात सराव असलेल्याला ती जड जाऊ नये, परंतु नवशिक्यांनी आणि मोठ्या वाहनांनी जाऊ नये अशी पाटी खालीच लावलेली आहे. ज्यांना चढण नको त्यांच्यासाठी शील्डेगच्या बाजूने किनाऱ्याकडेने येणारा रस्ता आहे. तो लांबचा आणि तितकाच अरुंद, पण त्यावर असा घाट नाही.