कीस्टोअरच्या यादीत सर्टिफिकेट दिसतं, तरी ॲप ते मानत नाही

ऐरोलीकर:
ऐरोलीच्या ऑफिसात कंपनीचा स्वतःचा प्रॉक्सी (नेटचा ट्रॅफिक मधे उघडून तपासणारा सर्व्हर) आहे. त्याचं रूट सर्टिफिकेट टेस्टिंगच्या अँड्रॉइड फोनमध्ये टाकलंय. कीस्टोअरमधून (फोनची सर्टिफिकेटं ठेवायची जागा) यादी काढली तर दिसतं, क्रोममध्ये साइटही उघडते. आमचं ॲप मात्र ट्रस्ट अँकर (विश्वासाचं मूळ सर्टिफिकेट) सापडत नाही म्हणून हँडशेक (सुरक्षित जोडणीची सुरुवात) तोडतं. कोटलिन, टार्गेट एपीआय (ज्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी ॲप बनवलंय तिचा क्रमांक) ३४. असं का?

घणसोली_नोड:
तुम्ही वाचताय ती फोनची यादी. ॲपची यादी वेगळी असते. अँड्रॉइडसीएस्टोअर या कीस्टोअरमधले एलियस (नोंदींची नावं) नीट बघा. काही 'सिस्टम'ने सुरू होतात, काही 'यूजर'ने. तुमचं 'यूजर'वालं असणार. टार्गेट एपीआय २४ किंवा पुढचा असेल, तर अँड्रॉइड ७ पासून वापरणाऱ्याने टाकलेली सर्टिफिकेटं ॲप आपणहून मानत नाही.

ॲप प्रत्यक्षात कोणाला मानतं ते बघायला ट्रस्टमॅनेजरफॅक्टरीच्या इनिटला नल द्या आणि मिळालेल्या एक्स५०९ ट्रस्टमॅनेजरचे (सर्टिफिकेट तपासणारा भाग) ॲक्सेप्टेड इश्युअर्स (तो मानतो ती सर्टिफिकेटं) छापा. कोटलिनमध्ये तो नल कीस्टोअर टाइपला कास्ट करावा लागतो, नाहीतर इनिटचे दोन प्रकार असल्याने कंपाइलर अडतो.

सिस्टमच्या फोल्डरमधल्या फाइल थेट वाचू नका. अँड्रॉइड १४ मध्ये यादी कॉन्स्क्रिप्ट या सुरक्षा लायब्ररीच्या एपेक्स मॉड्यूलमध्ये गेली. शिवाय सेटिंग्जमधून बंद केलेलं सर्टिफिकेट फोल्डरमध्ये तसंच राहतं. कीस्टोअर ते वगळतो.

कोपरी_पूल:
उपाय नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये (ॲपने कोणती सर्टिफिकेटं मानायची ते सांगणारी फाइल) आहे. एक्सएमएल फोल्डरमध्ये फाइल ठेवा, मॅनिफेस्टच्या ॲप्लिकेशन टॅगमध्ये तिचं नाव द्या. फक्त टेस्टिंगसाठी हवं असेल तर 'यूजर' हा सोर्स डीबग-ओव्हरराइड्समध्येच (फक्त डीबग बिल्डला लागू होणारा भाग) लिहा. बेस-कॉन्फिगमध्ये (रिलीजलाही लागू होणारा भाग) कृपया नको: मग ग्राहकाच्या फोनमध्ये कोणी सर्टिफिकेट टाकायला लावलं की तुमच्या ॲपचा सगळा ट्रॅफिक त्याला वाचता येईल. रिलीजलाही लागणार असेल तर सर्टिफिकेट रॉ फोल्डरमध्ये ठेवून डोमेन-कॉन्फिगने तुमच्या सर्व्हरपुरतं द्या. तिथे 'सिस्टम'ही लिहा, नाहीतर प्रॉक्सीबाहेर, घरच्या वायफायवर, तोच सर्व्हर चालणार नाही.

आणि काही न तपासता सगळं स्वीकारणारा ट्रस्टमॅनेजर अजिबात लिहू नका, डीबगमध्येही नाही. तो कोड पुढे रिलीजमध्ये जातो.

ऐरोलीकर:
'यूजर'च निघालं. डीबग-ओव्हरराइड्सने चाललं, आभार! आयफोनवर अशी यादी मिळते का?

घणसोली_नोड:
नाही, सिस्टमची रूट यादी देणारा एपीआय आयओएसवर नाही. हातातली सर्टिफिकेटांची साखळी सेकट्रस्टला (आयओएसचा सर्टिफिकेट तपासणारा भाग) देऊन ती वैध आहे का, एवढंच विचारता येतं. हाताने सर्टिफिकेटचं प्रोफाइल टाकल्यावर सेटिंग्ज, जनरल, अबाउट, सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज इथलं बटण वेगळं चालू करावं लागतं. बऱ्याचदा तेच राहून जातं.