मदत हवी आहे: झाडासमोर बसून रेखाटन करताना दाट पानं कशी हाताळावी?

नमस्कार मंडळी,

पानगळ झालेलं झाड मला बऱ्यापैकी जमतं. लिओनार्दो दा व्हिंचीने नोंदवून ठेवलेला नियम तिथे फार कामी येतो: कुठल्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी बुंध्याइतकी भरते. म्हणजे फांदी बारीक होते ती फाटा फुटतो तिथे. हे डोक्यात ठेवलं की झाड खरं वाटू लागतं.

अडतं ते पानांनी भरलेल्या झाडाशी. एकेक पान काढत बसलं की सगळा डोलारा सपाट होतो, नुसती छटा भरली तर झाड कुठल्या जातीचं तेच कळत नाही. डोळे किलकिले केले की मोजके मोठे पुंजके दिसतात, माथ्याला उजळ आणि पोटाशी गडद. पण त्यांच्या कडा कशा सोडायच्या? आणि पानांआडून दिसणाऱ्या आकाशाच्या फटी! कोऱ्या ठेवल्या की कागदाला भोकं पडल्यासारख्या दिसतात.

दुसरं, उजेड. चित्र अर्ध्यावर येईतो सावल्या पार सरकलेल्या असतात. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने उजेड बदलला की दुसरा कॅनव्हास घ्यायचा. पेन्सिल-स्केचमध्ये काय करावं? दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत जावं का?

फोटोवरून काढायचा सल्ला कृपया नको. फोटोत सावलीतल्या फांद्या काळ्या गोळ्यात गडप होतात, आणि मला नेमक्या त्याच बघायच्या आहेत.

प्रतिसाद

फटी आकाशापेक्षा किंचित गडद ठेवा; फट जितकी लहान तितकी जास्त गडद. भोवतालची पानं आणि डहाळ्या उजेड अडवतात, त्यामुळे त्या तशाच दिसतात. एखाद्या फटीतून फांदी आरपार गेलेली दाखवलीत तर पुंजका आपोआप बुंध्याशी जोडला जातो.

पानांची ठेवण फक्त उजेड-सावलीच्या सीमेवर आणि बाहेरच्या कडेला दाखवा, तीही सगळीकडे नको. जात तेवढ्यावर ओळखू येते.

उजेडाचं म्हणाल तर बसल्या बसल्या आधी सावल्यांच्या हद्दी फिकट रेषेने आखून घ्या आणि शेवटपर्यंत त्याच धरा. समोर काहीही सरको. मागे तारीख, वेळ, वारा लिहून ठेवा. इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल १८२१-२२ मधल्या आकाशाच्या अभ्यासचित्रांमागे असंच लिहीत असे. पुन्हा जायचं ठरलं तर वेळेसोबत आभाळही तसंच आहे ना, ते बघा. ढगाळ दिवशी मात्र सावल्या जागा सोडत नाहीत, तेव्हा दाट झाडाची सुरुवात त्या दिवशीच करा.