चर्चा : गावच्या साप्ताहिकाचे जुने अंक जपायला वर्गणी काढावी का?

सावित्रीकाठ
महाड तालुक्यातल्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या फायली जुन्या मालकांच्या माळ्यावर पडून आहेत. घर पाडायचं ठरलंय, त्यामुळे पावसाळ्याआधी त्या रद्दीत जाणार. वर्गणी काढून सगळं स्कॅन करून घ्यावं, असं माझं म्हणणं आहे. गावातल्या बऱ्याच जणांना हा पैशाचा चुराडा वाटतो.

जुलै 2021 मध्ये महाड बुडालं, चिपळूणही बुडालं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचं, तेही त्या पाण्यातून सुटलं नाही. भिजलेला कागद दोन-तीन दिवसांत वाळला नाही तर बुरशी धरतोच. वर्तमानपत्राचा कागद तर मुळातच लाकडाच्या लगद्याचा, हलका. परवा एक खंड उघडला, तर पानं घडीवर आपोआप सुटत होती. एकाच पानावर कोर्टाची जाहीर नोटीस, भाताचा भाव, नाटकाची जाहिरात आणि समासात कुणीतरी पेन्सिलीने मांडलेला उधारीचा हिशेब.

रामदास बोट 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला जाताना बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. हा आकडा मुंबईत सापडतो. कुठल्या वाडीतलं कोण गेलं, मागे घरात कोण उरलं, हे शोधायचं तर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या वृत्तपत्रांशिवाय जायचं कुठे?

वाडीवस्ती
माझा विरोध आहे. गावाचा इतिहास म्हणता, पण छापखाना कुणाचा होता? वर्गणीदार कोण होते? 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर जे घडलं ते तुमच्याच महाडात. बाबासाहेबांचं आधीचं पत्र मूकनायक तोवर बंद पडलं होतं. आपली बाजू आपणच मांडायची म्हणून बाबासाहेबांनी 3 एप्रिलला बहिष्कृत भारत सुरू केलं. तालुक्याच्या पत्रात आमच्या आज्या-आजोबांचं नाव आलंच असेल तर ते तक्रारीत.

त्याच पैशात वाड्यांवरच्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांना बोलतं करा, आवाज रेकॉर्ड करा. कागद एखादा पावसाळा थांबेल, माणूस थांबेलच असं नाही.

खारेपाटातून
@वाडीवस्ती, बहिष्कृत भारत आज आपल्याला वाचता येतं कशामुळे? राज्य सरकारने 1990 मध्ये त्याचे आणि मूकनायकचे अंक एकत्र पुन्हा छापले. छापता आले, कारण कुणीतरी ते सांभाळले होते.

उलट उदाहरण दीनबंधूचं. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये पुण्यात काढलेलं सत्यशोधकांचं पत्र. त्याचे फार थोडे अंक हाती लागतात. मग अभ्यासकांना इंग्रज सरकारने देशी पत्रांचे जे इंग्रजी गोषवारे करून घेतले, ते धुंडाळावे लागतात. म्हणजे सत्यशोधकांचं म्हणणं आपण सरकारी भाषांतरकाराच्या पसंतीने वाचायचं! जे हरवतं ते बहुतेक वेळा गरिबांचंच असतं. आमच्याकडे अलिबागजवळच्या चरी गावातल्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप 1933 पासून सहा वर्षं चालला. शेतकऱ्यांची बाजू मांडायला नारायण नागू पाटलांनी 1937 मध्ये कृषीवल काढलं. तशा पत्रांची एकेक फाईल मला सोन्यासारखी वाटते.

वाडीवस्ती
ती चळवळीची पत्रं. त्यांच्यासाठी मीही वर्गणी देईन. माळ्यावरचं पत्र त्यातलं नाही, आणि वर्गणी मात्र सगळ्या गावाकडून मागताय.

कज्जेदलाली नको
माझी अडचण वेगळी. कोर्टात काम करतो म्हणून सांगतो. चोरीच्या आरोपात नाव पहिल्या पानावर येतं आणि तो निर्दोष सुटल्याची ओळ कधी छापलीच जात नाही. फाईल माळ्यावर होती तोवर ते कुणी वाचत नव्हतं. नेटवर चढवलंत की नातवाने आडनाव गूगल केलं, आजोबा चोर! लहान गावात अशी गोष्ट पुसली जात नाही.

शिवाय नावाने छापलेल्या लेखावर लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो. मालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ग्रंथालयवाला
छापलेल्या पुस्तकांच्या प्रती ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या, असा 1954 चा कायदा आहे; त्यात 1956 मध्ये वृत्तपत्रंही आली. त्यामुळे प्रत्येक अंकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जायला हवी. तालुक्याची साप्ताहिकं तिथे सलग मिळतील यावर मात्र विसंबू नका. बहुधा माळ्यावरचा संच हाच एकमेव संच असतो.

स्कॅन करताना खंड दाबून सपाट करू नका, शिवणीजवळच्या ओळी जातात आणि कागदही तुटतो. वरून फोटो घेणारं यंत्र वापरा. बातम्या तेवढ्या ठेवून जाहिराती गाळणं हा शुद्ध वेडेपणा. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ अंक रद्दीत घालू नका, हे हात जोडून सांगतो. हार्डडिस्कही मरते.

सावित्रीकाठ
@कज्जेदलाली नको, पटलं. गेल्या साठ वर्षांतले अंक नेटवर टाकायचे नाहीत. वाचनालयात बसून बघायचे. संमतीपत्र घेतो.

@वाडीवस्ती, रेकॉर्डिंग हवंच, पण त्यालाही हा कागद लागतो. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, "मोठा पूर आला त्या वर्षी" म्हणतात. ते वर्ष कुठलं, ते अंकात सापडतं. आणि पत्र एका बाजूचं होतं म्हणून ते जाऊ द्यायचं? त्या बाजूने तेव्हा काय लिहिलं, काय गाळलं, याचा दुसरा पुरावा कुठे आहे? हे गठ्ठे गेले तर गावातल्या पुढाऱ्यांना "आमचे पूर्वज तेव्हा तुमच्याच बाजूचे होते" म्हणायला रान मोकळं.

वाडीवस्ती
हे शेवटचं मात्र खरं आहे. मग असं करा. त्या फायलींत मार्च-एप्रिल 1927 चे अंक आहेत का ते आधी बघा. असले तर ती पानं कुठलीही काटछाट न करता इथे टाका. वर्गणीचं त्यानंतर बोलू.